यंदाचे माझे सिनेमे

सांगली,
२८ डिसेंबर २०२५

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू म्हणालास, 'यंदा बघण्यासारखं काय होतं ते सांग.' दोन मिनिटांत सांगून भागण्यासारखं ते नव्हतं, म्हणून आज रविवारचा बसलोय लिहायला. एक आधीच सांगून टाकतो: माझा यंदाचा पहिला नंबर 'साबर बोंडं'ला. यावर भांडायचं असेल तर खुशाल भांड, मी मागे हटणार नाही.

पितृपंधरवड्यात आपल्याकडे कुणी नवीन काही सुरू करत नाही. पण या वर्षीचे माझे दोन आवडते मराठी सिनेमे नेमके त्याच पंधरवड्यात आले. १२ सप्टेंबरला 'दशावतार' आणि १९ला 'साबर बोंडं'. 'साबर बोंडं' मी पुण्यात बघितला, आत्याकडे गेलो होतो तेव्हा. जानेवारीत त्याला सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांच्या विभागातलं सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळालं, हे तू वाचलं असशीलच. बक्षीसवाला सिनेमा म्हणजे जड असणार, अशा समजुतीने लोक लांब राहतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. कारण यात जड काहीच नाही. मुंबईत नोकरी करणारा आनंद वडील गेल्यावर आईबरोबर गावी येतो. दहा दिवस सुतक. काय खायचं, काय घालायचं, कुठे जायचं नाही, हे सांगायला सगळी भावकी हजर. आणि सगळ्यांचा एकच घोशा, आता लग्न उरकून टाक. आनंदला पुरुष आवडतात. ते आईला माहीत आहे, गेलेल्या वडिलांनाही माहीत होतं. गावात त्याचा लहानपणचा दोस्त बाळ्या आहे, शेळ्या राखणारा. दोघं माळावर भेटतात, बोलतात, गप्प बसतात.

या सिनेमाला पार्श्वसंगीत नाही. आपल्याला सवय असते की रडू यायच्या जागी व्हायोलिन वाजणार, म्हणजे आपण तयारीत राहायचं. इथे तशी सोय नाही. कॅमेरा एका जागी थांबतो, माणसं आत येतात, बाहेर जातात, आणि आपण त्या घरातले एक होऊन बसतो. भांड्याचा आवाज, शेळीचा आवाज, लांबून कुणाची तरी हाक. सुतकाचं घर असंच असतं रे. आमचे अण्णा गेले तेव्हा तू आलेलास, आठवत असेल. दुपारच्या वेळी बायका आत हळू बोलत असतात आणि बाहेर सतरंजीवरचे पुरुष पावसापाण्याचं काढतात.

त्यातली आई जयश्री जगताप यांनी केलीय. लेकाची बाजू घेऊन ती एकही भाषण ठोकत नाही. नातेवाईक बोलायला लागले की ती परस्पर उत्तर देऊन मोकळी होते, आणि पोरगा आतल्या आत सुटतो. मराठी सिनेमात आईला आपण रडवलं फार, देव्हाऱ्यात बसवलं फार. हुशार आई क्वचित दाखवली. रोहन कानवडे या दिग्दर्शकाला स्वतःच्या वडिलांच्या दहा दिवसांत नातेवाइकांनी लग्नाचा असाच लकडा लावला होता, त्यातून ही गोष्ट सुचली. म्हणूनच त्या भावकीवर त्याने राग काढलेला नाही, याचं मला जास्त कौतुक वाटतं. ती माणसं वाईट नाहीत. त्यांना दुसरं काही बोलायला सुचत नाही, एवढंच.

आणि ती बोंडं! जत-आटपाडीकडे बांधाला फड्या निवडुंग असतो, त्याची लालभडक फळं. बाळ्या ती आनंदसाठी आणतो. काटे झाडून, साल काढून दिलेलं फळ म्हणजे केवढं प्रेम असतं, ते मला त्या थेटरात बसून कळलं.

'दशावतार' मात्र इथेच बघितला, आईला घेऊन, आणि हॉल गच्च भरलेला. दिलीप प्रभावळकर ८१ वर्षांचे आहेत, मर्दा! कोकणातला म्हातारा दशावतारी कलाकार, बाबुली मेस्त्री. नजर अधू होत चाललीय, मुलगा म्हणतो आता बास करा, आणि याचा जीव रंगात अडकलेला. तोंडाला रंग लावताना त्यांचे डोळे बघ. बाप म्हणून बसलेला माणूस हळूहळू निघून जातो आणि दुसराच कुणीतरी आरशातून बघायला लागतो. त्या प्रसंगाला आई माझ्या दंडाला धरून बसली होती. चिमणराव ते गांधीजी इतका पल्ला मारलेल्या माणसाने या वयात हे करावं!

दशावतारात लिहिलेले संवाद नसतात, नट उभ्या उभ्या बोलतो. १८४३ साली आपल्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं, त्यातही सूत्रधार पदं म्हणायचा आणि पात्रं आपल्या मनानं बोलायची. आपण भावे नाट्यगृहात इतकी नाटकं बघितली, पण ते जुनं बोलणं कसं वाटत असेल हे मला कधी डोळ्यासमोर आणता आलं नव्हतं. या सिनेमात थोडंसं दिसलं. उत्तरार्ध मला लांबला असं वाटतं. खाणवाल्यांचा विषय खरा आहे, कोकणात तो रोजचा आहे, पण सूडाची गोष्ट सुरू झाल्यावर बाप-लेकाचं जे छान चाललं होतं ते मागे पडतं. पहिला तास माझ्यासाठी पुरेसा आहे.

आता 'स्थळ'. हा तर तुझ्याच मुलखातला, चंद्रपूरकडच्या डोंगरगावचा, दिग्दर्शक जयंत सोमलकर यांच्या स्वतःच्या गावात केलेला. नट सगळे तिथलेच, कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदा उभे राहिलेले. ७ मार्चला लागला होता. तू बघितला नसशील तर मला खरंच राग येईल. सुरुवातीलाच एका मुलाला स्टुलावर बसवून बायका प्रश्न विचारतायत. नाव काय, शिक्षण किती, उंची किती? मग कळतं की हे सविताला पडलेलं स्वप्न. जागी झाल्यावर स्टुलावर ती, आणि समोर पुरुषांची रांग. पुढे पुन्हा पुन्हा तेच पोहे, तेच स्टूल, तेच प्रश्न. मी ताईबरोबर बघितला. पहिल्या प्रसंगाला ती खळखळून हसली. तिसऱ्यांदा पाहुणे आले तेव्हा मी तिच्याकडे बघितलं तर तिने पदर तोंडाशी धरला होता. आमच्याकडे तिला बघायला यायचे तेव्हा मामा तिला उंच टाचेची चप्पल घालायला लावायचे, ते तिने परतताना रिक्षात मला सांगितलं. इतक्या वर्षांत कधी बोलली नव्हती.

त्यातला बापही मनातून जात नाही. पोरीला शिकायचंय हे त्याला कळतं. पण कापसाला भाव नाही आणि हुंड्याचा आकडा समोर आहे. आमच्याकडे हळदीचा दर पडला की अण्णांचा चेहरा जसा व्हायचा, अगदी तसा. तो दुष्ट नाही, म्हणून तर जास्त लागतं.

'छावा'ला अख्खी सांगली लोटली, मीही गेलो. विकी कौशलने जीव ओतलाय, शेवटी सगळा हॉल रडत होता. पण माझ्या मनात तो टिकला नाही, आवाज फार. 'आता थांबायचं नाय' मुंबई महापालिकेच्या चतुर्थ श्रेणीतल्या कामगारांचा, दहावीला बसणाऱ्या मोठ्या माणसांचा, खऱ्या घटनेवरचा. घरच्या सगळ्यांना घेऊन बघ, भरत जाधवांसाठी तरी.

'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' विट्यातल्या माझ्या मेहुण्याला दाखवला. मागाच्या खडखडाटात वाढलेला माणूस, त्याला वेगळं काही समजावून सांगावं लागलं नाही. मालेगावात यंत्रमागावर राबणारी पोरं स्वतः कॅमेरा घेऊन 'शोले'ची नक्कल करतात, पुढे सुपरमॅन करतात. नासिर शेख यांची खरी गोष्ट आहे ही. मित्र एकत्र येतात, श्रेयावरून फाटतं, पुन्हा जवळ येतात. कॉलेजात आपण बसवलेल्या एकांकिकेवरून आपलं कसं फाटलं होतं ते आठवलं आणि तुला तिथूनच मेसेज टाकला होता.

आणि 'होमबाउंड'. नीरज घेवान, 'मसान'वाला. १० वर्षांनी त्याचा पूर्ण लांबीचा सिनेमा आला, आणि यंदा आपल्या देशातर्फे ऑस्करला तोच गेलाय. चंदन आणि शोएब, एक दलित आणि एक मुसलमान, दोघांनाही पोलीस भरती व्हायचंय. गणवेश अंगावर चढला की कुणी आडनाव विचारणार नाही, एवढीच आशा. बंड्या, आपल्याकडे पहाटे ग्राउंडवर पळणारी पोरं बघ, किती गावांतून येतात. फॉर्म भरायचा, निकालाची वाट बघायची, वय निघून चाललेलं. मग टाळेबंदी येते आणि या दोघांना सुरतेहून घराची वाट धरावी लागते. चंदनच्या आईच्या भेगाळलेल्या टाचा पडद्यावर येतात, त्यानंतर मला बराच वेळ दुसरं काही दिसेना. २०२०च्या उन्हाळ्यात हायवेवरून चालत गेलेली माणसं आपण बघितलीयत. पाण्याच्या बाटल्या वाटल्या आणि घरी आलो. त्यातला एकेक जण कुठून निघाला होता, घरी कोण वाट बघत होतं, हे या सिनेमानं मला विचारायला लावलं.

बघ, लिहितालिहिता लक्षात येतंय की मला आवडलेल्या बहुतेक सिनेमांत आई-बाप आणि पोरं आहेत, आणि भांडण न करता एकमेकांना सांभाळणं आहे. अण्णा गेल्यापासून माझं असं झालंय की काय, कोण जाणे.

आता तुझी पाळी. तू 'जारण' बघितलास म्हणालास, माझा तो राहिलाय. अमृता सुभाषचं काम कसं वाटलं ते सविस्तर लिही, फोनवर 'भारी होता' म्हणून सुटू नकोस. 'स्थळ'मधली बोली तिथल्या माणसांना खरी वाटते का, हेही तुझ्या बँकेतल्या लोकांना विचार. वहिनींना नमस्कार, पिल्लाला पापा. मार्चएंड उरकला की ये, भडंग आईने आत्ताच कबूल केलंय.

तुझा,
सुऱ्या