‘३० दिवस चालवून बघा’ म्हणून घेतलेली सीट परत न घेतल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: चाचणीच्या मुदतीत परत न घेतलेली ट्रायथलॉनच्या सायकलची सीट बदलून मिळण्याबाबत

महोदय/महोदया,

मी रत्नागिरीत राहते. नोकरी सांभाळून गेली तीन वर्षं ट्रायथलॉनचा सराव करते. आयर्नमॅन ७०.३ ही ट्रायथलॉन शर्यत गोव्यात २०१९ मध्ये पहिल्यांदा झाली; तिथे ती पूर्ण करायची, एवढंच सध्या डोक्यात आहे. १.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल आणि त्यानंतर २१.१ किमी धावणं. सायकलवरचे तीन-साडेतीन तास ज्या सीटवर काढायचे, तिच्यासाठी मी तुम्हाला ७,४०० रुपये दिले. ते दिले तुमच्या पानावरच्या ठळक ओळीमुळे: ‘३० दिवस चालवून बघा, नाही जमली तर परत करा.’

पार्सल मिळाल्यापासून अकराव्या दिवशी मी परतीचा अर्ज केला. उत्तर आलं, ‘रेलवर क्लॅम्पच्या खुणा असल्यामुळे वस्तू वापरलेली समजली जाईल, परत घेता येणार नाही.’

सीट चालवून बघायची तर ती सायकलला बसवावी लागते. बसवायची तर सीटपोस्टच्या, म्हणजे सीटच्या दांड्याच्या, क्लॅम्पमध्ये सीटखालच्या दोन सळ्या, म्हणजे रेल, आवळाव्या लागतात. त्या आवळल्या की रंगावर पुसट रेघ उठणारच. माझ्या सीटच्या दोन्ही रेलवर नखाएवढ्या रुंदीच्या फिकट खुणा आहेत, त्यापलीकडे काही नाही. रेल वाकलेली नाही, कव्हरला ओरखडा नाही. इकडच्या खाऱ्या वाऱ्यात बोल्ट महिन्याभरात गंजतात, म्हणून प्रत्येक राइडनंतर मी सीट ओल्या फडक्याने पुसून कोरडी केली आहे. बोल्ट सीटपोस्टवर छापलेल्या आकड्याइतकाच, टॉर्क रेंचने आवळला आहे. फोटो जोडले आहेत. या खुणा चालणार नसतील, तर ‘चालवून बघा’ असं छापण्याचा तुम्हाला अधिकार नाही.

आता सीट का जमली नाही ते सांगते, कारण त्यातही चूक तुमच्याकडून झाली आहे.

ऑर्डर देण्याआधी मी तुमच्या चॅटवर सल्ला मागितला. मला विचारलं काय, तर स्त्री की पुरुष, उंची आणि वजन. बैठकीच्या हाडांचं माप मी स्वतःहून दिलं. खोक्याचा जाड पुठ्ठा अंगणातल्या जांभ्याच्या पायरीवर ठेवून, गुडघे वर घेऊन त्यावर बसले. उठल्यावर बाजूने टॉर्च धरला तेव्हा दोन खोलगट खळगे दिसले. त्यांचे मध्यबिंदू पेन्सिलने टिपून पट्टी लावली: ११८ मिमी. एरोबारवर, म्हणजे हँडलवरच्या कोपरं टेकवायच्या दांड्यांवर, दीड-दोन तास वाकून चालवते, हेही लिहिलं. तरी उत्तर आलं की ‘लेडीजसाठी रुंदच लागते’, आणि १६० मिमीची सीट पाठवली. बायकांची ही हाडं सरासरीने रुंद असतात, मान्य. पण सीटवर सरासरी बसत नाही, मी बसते.

एरोबारवर कोपरं टेकवली की कंबर पुढे कलते. सरळ बसल्यावर बैठकीच्या हाडांवर येणारा भार मग पुढच्या हाडांवर आणि मधल्या मऊ भागावर सरकतो. तिथल्या नसा आणि रक्तवाहिन्या दबतात, मुंग्या येतात, नंतर बधिरपणा येतो. म्हणूनच मधे फट आणि आखूड नाक असलेली सीट मी निवडली. ती कल्पना चांगली आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती खोक्यातल्या पत्रकाबद्दल. त्यात लिहिलंय, ‘नव्या सीटचं टोक जुन्या सीटच्या टोकाच्या जागी आणा.’ लांब नाकाच्या सीटला ते चालेल. तुमच्या सीटचं नाक आधीच कापलेलं आहे आणि तिच्या पुढच्या भागावरच बसायचं असतं. पत्रकाप्रमाणे केल्यावर मी पेडलांच्या फारच वर आणि पुढे आले. शिवाय तुमची सीट रेलपासून जुन्या सीटपेक्षा १२ मिमी उंच आहे. पायाच्या आतल्या मापाला ०.८८३ ने गुणून मी सीटची उंची ६७ सेमी ठरवलेली, ती न सांगता ६८.२ झाली. प्रत्येक पेडलला कंबर डावी-उजवी डुलत होती. आरे-वारेच्या चढावर कोपरं उचलून सरळ बसता येतं म्हणून कळलं नाही, पण सड्यावरच्या सरळ रस्त्यावर वीस मिनिटांत सगळं बधीर. गणपतीपुळ्याहून परतताना तीनदा उतरले. घरी आल्यावरही संध्याकाळपर्यंत ती जागा आपली नाहीच असं वाटत होतं. या दुखण्याबद्दल बायका सहसा कोणाशी बोलत नाहीत, सायकल चालवणंच सोडून देतात. मी मुद्दाम लिहिते आहे.

नंतर मी सीट ४ सेमी मागे घेतली, सीटपोस्ट खाली केला, टोक किंचित खाली कलवलं. बधिरपणा गेला. राहिलं ते मांड्यांचं घासणं. सीटच्या फटीच्या दोन्ही बाजूंची पुढची बोटं इतकी रुंद आहेत की ४० किमीनंतर दोन्ही मांड्या आतून सोलवटतात. रुंदी काही ॲलन कीने कमी होत नाही. याच सीटचं पुढून अरुंद मॉडेल तुमच्याच यादीत आहे, तेच मला सुरुवातीला सुचवायला हवं होतं.

माझी मागणी अशी: ही सीट परत घेऊन अरुंद मॉडेल द्यावं, किंवा ७,४०० रुपये परत करावेत. दोन्ही वेळचा कुरिअरचा खर्च तुमचा, कारण माप देऊनही चुकीची सीट तुम्ही सुचवली. आणि पत्रकातली ती ओळ दुरुस्त करून त्यात उंची नव्याने मोजायला सांगा, म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाला हा त्रास होणार नाही.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि एका महिन्यात निवारण करायचं असतं. तसं झालं नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवेन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, त्यामुळे मला रत्नागिरीबाहेर पाऊल टाकावं लागणार नाही. पण माझा वेळ मला तारखांवर नाही, सरावावर घालवायचा आहे.

सीट मूळ खोक्यात, पत्रकासह बांधून ठेवली आहे. कुरिअरवाला कधी येणार ते कळवावं.

आपली,
एक ग्राहक, रत्नागिरी

सोबत: बिल, रेलचे चार फोटो, चॅटची प्रत, पुठ्ठ्यावरच्या मापाचा फोटो