तक्रार: न जमणारं सिमेंट आणि सूज उतरवणारं पत्रक

दि. २२ जुलै

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: पल्प कॅपिंगचं (दाताची उघडी पडलेली नस झाकण्याचं) सिमेंट सेट न होणे आणि पत्रकातला सूज कमी होण्याचा दावा

महोदय,

चोपड्याला (जि. जळगाव) माझा दातांचा दवाखाना आहे. तुमच्या प्रतिनिधीने गळ्यात मारलेल्या एमटीए (मिनरल ट्रायऑक्साइड अ‍ॅग्रिगेट) सिमेंटबद्दल हे पत्र. "१५ मिनिटांत सेट, नसेची सूज इतरांपेक्षा कमी आणि किंमत अर्धी," असं तो म्हणाला होता. बिलाची प्रत आणि बॅच नंबरचा फोटो सोबत आहे. फोनवर तीनदा बोलले. दर वेळी आवाज नवा, उत्तर तेच. म्हणून आता लेखी.

११ जुलैला सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातून आठ वर्षांची मुलगी आली. खालची पहिली कायमची दाढ, कीड खोल. थंड लागलं की कळ यायची, पण लगेच थांबायची. रात्रीचा ठणका नव्हता. म्हणजे नस सुजलेली, पण वाचण्यासारखी. या वयात दाढेची मुळं पुरती बनलेली नसतात. नस मेली तर त्यांची वाढ आहे तिथेच अडते. कीड काढता काढता टाचणीच्या टोकाएवढी नस उघडी पडली. हायपोक्लोराइटचा (जंतुनाशकाचा) बोळा धरला, रक्त थांबलं, आणि तुमचं पाकीट फोडलं.

पावडरीत खडे होते. तिथेच थांबायला हवं होतं, ही चूक माझी. पण रबर डॅम (दात कोरडा ठेवणारा रबराचा पडदा) लावलेला, पोर आ करून बसलेली. मी खडे स्पॅच्युलाने मोडले आणि तुम्ही दिलेल्या प्रमाणात कालवून लावलं. १५ मिनिटं झाली, २५ झाली. चाळिसाव्या मिनिटाला प्रोबने टोचलं तर ओली वाळू. सगळं सलाइनने धुऊन काढलं, कॅल्शियम हायड्रॉक्साइड लावलं आणि वरून ग्लास आयोनोमर भरलं. कापसाची निंदणी सोडून एसटीने आलेला बाप दारातून विचारत होता, "मॅडम, दात वाची ना?" आता त्याला पुन्हा पुन्हा तपासणीला बोलवावं लागणार, आणि दर खेपेला त्याचा एक रोज बुडणार.

तुमच्या माणसाचं म्हणणं, "तुमच्याकडे खान्देशात उकाडा फार, त्याने मटेरियल बिघडतं." अहो, आमचा उकाडा मे महिन्यातला आणि कोरडा. पार्सल आलं जुलैत, भर पावसात. आणि उष्णतेने असलं सिमेंट लवकर जमतं, जमायचं थांबत नाही. त्याला मारते ती ओल. एमटीए हा पोर्टलँड सिमेंटचाच भाऊबंद. ओल लागलेल्या गोणीत खडे झाले की आमच्याकडचा गवंडीसुद्धा ती बाजूला ठेवतो. तुमच्या पाकिटाची कड मी उजेडात धरून पाहिली. सील एका कोपऱ्यात सुटलेलं आहे. त्याचाही फोटो आहे.

आता त्या पत्रकाबद्दल, कारण खरा राग त्याचा आहे. सूक्ष्मदर्शकातली दोन चित्रं शेजारी शेजारी: डावीकडे "इतर मटेरियल", सुजलेलं, लालभडक, उजवीकडे तुमचं, शांत. इतर म्हणजे कोणतं? १९२० पासून चालत आलेलं कॅल्शियम हायड्रॉक्साइड असेल, तर त्याच्यापुढे सरस ठरण्यात काय मोठेपणा? ते नसेला लागेल तिथे पातळ थर जाळतं, खाली बनणाऱ्या डेंटिनच्या (दाताच्या आतल्या कठीण थराच्या) पुलात भोकं राहतात, आणि भरणाखाली ते हळूहळू विरघळतं. हे आम्ही कॉलेजातच शिकलो. तुलना टोराबिनेजाद यांनी अमेरिकेतल्या लोमा लिंडा विद्यापीठात विकसित केलेल्या मूळ एमटीएशी करायची होती, नाहीतर बायोडेंटिन या त्याच जातीच्या नव्या सिमेंटशी. मूळ एमटीए सेट व्हायला पावणेतीन तास घेतं, तर बायोडेंटिनला कंपनी १२ मिनिटं सांगते. हा वेळेचा फरक आमच्या खुर्चीवर फार मोठा असतो, म्हणून तर तुमच्या १५ मिनिटांना भुलले.

चित्रं कितव्या दिवसाची, तेही नाही. ड्रिलने नस उघडी केली की पहिल्या आठवड्यात थोडीफार सूज कशाखालीही दिसू शकते; दोन महिन्यांनी काय उरलं ते महत्त्वाचं. दात कोणाचे? प्राण्याच्या निरोगी दातात मुद्दाम पाडलेलं भोक आणि महिनोन्‌महिने किडलेली दाढ यांची नस सारखी नसते. आणि १९६५ मध्ये काकेहाशी आणि सहकाऱ्यांनी जंतुरहित उंदरांच्या दातांच्या नसा उघड्या ठेवल्या, तरी त्या भरून आल्या. साध्या उंदरांच्या सडल्या. म्हणजे सूज वाढवणारे मुख्यतः जंतू, आणि त्यांना बाहेर ठेवतं ते सील. जे सिमेंट जमतच नाही ते सील काय करणार? तुमचा दुसरा दावा पहिल्यावर उभा आहे, आणि पहिला माझ्या सिमेंट कालवायच्या स्लॅबवर दुसऱ्या दिवशी सकाळीही ओलाच होता.

बॉक्सचे पूर्ण पैसे परत हवेत. त्याच बॅचचं बदली पाकीट नको. बॅच तपासून अहवाल लेखी द्या, आणि हा माल आणखी कुठे गेला असेल तर त्या दवाखान्यांना आधी कळवा, माझं नंतर पाहा. त्या दोन चित्रांमागचा अभ्यास पाठवा: कोणतं मटेरियल, कोणाचे दात, कितवा दिवस. अभ्यास नसेल तर पत्रक मागे घ्या. "तुम्ही व्यावसायिक, ग्राहक नाही" हे उत्तर देण्याआधी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधली स्वयंरोजगाराची तरतूद वकिलाला वाचायला सांगा. पंधरा दिवस वाट पाहते, मग जिल्हा ग्राहक आयोग.

पाचातली दोन पाकिटं न फोडलेली आहेत. ती कुरिअरने पाठवणार नाही. तुमचा माणूस चोपड्याला येऊ द्या, माझ्या टेबलावर माझ्यासमोर एक कालवू द्या आणि १५ मिनिटं बसू द्या. चहा मी देईन.

आपली,
एक दंतवैद्य ग्राहक, चोपडा