कंबरेच्या ऑपरेशनची घाई कधी करायची आणि थांबायचं कधी, हे पेशंटला सांगा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी वाचकांच्या पत्रात एका काकांनी लिहिलं होतं की मणक्याच्या ऑपरेशनच्या वाटेला कोणी जाऊच नका, माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो. आणि त्याआधी महिनाभर तुमच्याच आरोग्य पुरवणीत होतं की दोन मणक्यांमधली गादी सरकली की वेळ न घालवता ऑपरेशन करून मोकळं व्हावं. दोन्ही वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय, कारण आमच्या नात्यात गेल्या तीन वर्षांत हे दोन्ही प्रकार होऊन गेलेत आणि चुकीच्या माणसाला चुकीचा सल्ला मिळाला तर काय होतं ते मी जवळून बघितलंय.

आधी आमच्या ह्यांचं सांगते. वय ४७, मूळजी जेठा मार्केटमध्ये एका पेढीवर कामाला, दिवसभर कापडाचे तागे काढायचे दाखवायचे परत रचायचे. एक दिवस सकाळी बाथरूममधून बादली उचलायला वाकले आणि तिथेच भिंतीला धरून उभे राहिले. दोन दिवसात कंबर राहिली बाजूला आणि डाव्या पायात अशी कळ सुरू झाली की कुल्ल्यापासून पोटरीच्या बाहेरून थेट अंगठ्यापर्यंत. बसताच येईना. पंधरा दिवस हा माणूस ओट्याजवळ उभा राहून जेवला, भांडुपच्या पुलाचे जिने चढताना दर चार पायऱ्यांवर थांबायचे आणि मागची माणसं चला चला करायची.

एमआरआय काढला. रिपोर्टचं ते मोठं पाकीट रिक्षातच उघडलं आम्ही. एल फोर एल फाइव्ह, डिफ्यूज डिस्क बल्ज, ॲन्युलर टेअर, नर्व्ह रूट कॉम्प्रेशन, डीजनरेटिव्ह चेंजेस. ह्यांना टेअर एवढा एकच शब्द कळला, म्हणाले आत काहीतरी फाटलंय गं, आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. ज्या खाजगी हॉस्पिटलात दाखवलं तिथल्या सर्जननी फिल्म लाइटवर लावली, ह्यांच्याकडे जेमतेम बघितलं आणि सांगितलं याच आठवड्यात करून टाकू नाहीतर पाय जाईल, मेडिक्लेम आहे ना? ह्यांच्या पायाला त्यांनी हातसुद्धा लावला नव्हता हो.

पुतणीच्या ओळखीने पालिकेच्या हॉस्पिटलच्या ओपीडीत सेकंड ओपिनियनला गेलो, तीन तास नंबर लागला नाही, पण तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर उलटा ठेवला आणि आधी माणूस बघितला. टाचांवर चालून दाखवा, चवड्यांवर चालून दाखवा, पायाचा अंगठा वर करून माझ्या बोटाला जोर लावून ढकला, लघवीला संडासला नेहमीसारखं होतंय का, बसायच्या जागी बधिरपणा आहे का. हे सगळं झाल्यावर म्हणाले पायात ताकद पूर्ण आहे, सहा आठवडे गोळ्या घ्या, झेपेल तेवढं चालत राहा, झोपून राहायचं नाही, ताकद कमी वाटली किंवा लघवी अडली तर रात्री दोन वाजता पण कॅज्युअल्टीत या. आणि एक गोष्ट सांगितली जी तोपर्यंत आम्हाला कोणीच सांगितली नव्हती, की गादीतला जो गर बाहेर येऊन नसेला लागतो तो तिथेच कायम राहतो असं नाही, शरीराच्या पांढऱ्या पेशी त्याला परका समजून हळूहळू खाऊन टाकतात, आणि गंमत म्हणजे जो तुकडा पूर्ण सुटून बाहेर पडलाय तोच जास्त वेळा विरघळतो, नुसता फुगवटा असतो तो तेवढा नाही. आठव्या आठवड्यात हे खाली बसून जेवले. मला त्या दिवशीचा मेनू पण आठवतो, वालाचं बिरडं होतं.

आता कोणी म्हणेल तुमच्या नवऱ्याचं नशीब. म्हणून मी नंतर जिथे मिळेल तिथे वाचत गेले, मुलगी समजावून द्यायची. नेदरलँड्समध्ये २००७ साली एक मोठी चाचणी छापून आली, सायटिकाने, म्हणजे नस दाबून पायात येणाऱ्या अशाच कळेने, बेजार झालेले २८३ पेशंट, सहा ते बारा आठवडे दुखत असलेले, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले, एकाला लवकर ऑपरेशन आणि दुसऱ्याला थांबा बघू. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांना शेवटी ऑपरेशन करावंच लागलं, बाकीच्यांना लागलं नाही, आणि वर्षानंतर दोन्ही गटातले ९५ टक्के बरे. फरक होता तो वेगाचा, ज्यांचं लवकर केलं त्यांची कळ लवकर गेली. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते कारण रोजंदारीवरच्या माणसाला दोन महिने घरी बसणं परवडत नाही, तो म्हणेल मला लवकर बरं व्हायचंय करा ऑपरेशन, तर ते त्याचं बरोबरच आहे की. पण त्याला पाय जाईल म्हणून घाबरवून नाही, हे नीट सांगून, मग त्याने ठरवावं.

आणि थांबायचं म्हणजे किती, त्यालाही अंत हवा. कॅनडात २०२० मध्ये १२८ पेशंटची चाचणी आली, चार महिने ते वर्षभर पाय दुखतोय असे, त्यात मात्र सहा महिन्यांनी बघितलं तर ऑपरेशनवाले स्पष्टपणे जास्त बरे होते. म्हणजे वर्षभर शेक आणि पट्ट्यावर काढणाऱ्यालाही कोणीतरी सांगायला हवं की बाबा आता दाखव.

काकांच्या पत्राचा राग आला तो माझ्या मावसभावामुळे. कल्याणला असतो, वय ३९. त्याला कोणीतरी हेच सांगितलेलं, मणक्याला कात्री लावू देऊ नकोस. मग एक जण मालिश करायचा त्याच्याकडे दोन आठवडे जात राहिला. एक दिवस दोन्ही पायांना मुंग्या आल्या, मग म्हणाला बसलं की खालची जागा आपली वाटतच नाही, खुर्चीवर उशी ठेवून बसल्यासारखं वाटतं. मग लघवी अडकली. घरच्यांना वाटलं पेनकिलरच्या गोळ्यांची गरमी असेल, नारळपाणी दिलं, सब्जा दिला, आणि त्यात दोन दिवस गेले. शेपटाकडच्या नसांचा अख्खा जुडगाच दाबला गेला होता, डॉक्टर त्याला कॉडा इक्वायना म्हणतात, आणि यात तासांचा हिशोब असतो. ऑपरेशन झालं, चालतो आता, नोकरीवर जातो. पण लघवीसाठी दिवसातून चार वेळा स्वतः नळी घालावी लागते, वहिनीच्या पर्समध्ये एक स्वच्छ पाकीट कायम असतं, आणि कुठल्याही लग्नाला गेला की हॉलमध्ये शिरल्यावर आधी बाथरूम कुठे आहे ते शोधतो. दोन दिवस आधी कोणी कॅज्युअल्टीत नेलं असतं तर कदाचित ही वेळ आली नसती.

एमआरआय रिपोर्टबद्दल अजून लिहायचंय. ज्यांना काहीच दुखत नाही अशा तीन हजारांवर लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ मध्ये एक अभ्यास आला, त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या, चाळिशीत ६८ टक्के, ऐंशीत ९६ टक्के. फुगवटा म्हणजे बल्ज चाळिशीत निम्म्या लोकांना. हे न दुखणारे लोक हां! म्हणजे आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या काकूंचे एमआरआय काढले तर सगळ्यांच्या मणक्यात गॅप निघेल. केस पांढरे होतात तसंच ते. मला वाटायचं की रिपोर्टखाली एक ओळ छापली की या वयात असं दिसणं कॉमन आहे तर काम होईल. पण अमेरिकेत हा प्रयोगही झालाय, अडीच लाख पेशंटवर, आणि ती ओळ छापून पुढच्या तपासण्या आणि ऑपरेशनं काही कमी झाली नाहीत, फक्त अफूच्या जातीच्या पेनकिलरच्या चिठ्ठ्या थोड्या कमी झाल्या. म्हणजे कागदावरची ओळ पुरत नाही, समोर बसून सांगणारं माणूस लागतं.

स्क्रू आणि रॉडचाही असाच वाद चाललाय. वयस्कर लोकांचा मणक्याचा मार्ग अरुंद होतो, थोडं चाललं की पाय भरून येतात, पुढे वाकलं की बरं वाटतं, त्यात जागा मोकळी करायची का सोबत स्क्रू टाकून मणके जोडायचे पण? २०१६ मध्ये स्वीडनच्या २४७ पेशंटच्या चाचणीत दोन वर्षांनी स्क्रूचा जास्तीचा फायदा दिसला नाही, २०२१ मध्ये नॉर्वेत मणका पुढे सरकलेल्या २६७ जणांमध्येही नुसती जागा मोकळी केलेले मागे पडले नाहीत, आणि २०१६ मध्येच अमेरिकेच्या एका छोट्या ६६ पेशंटच्या चाचणीत मात्र जोडलेल्यांना थोडा फायदा दिसला. सर्जन लोकांचंच एकमत नाही तर आपण विचारायला लाजायचं कशाला? आमच्या मोठ्या नणंदबाईंनी गिरगावात सरळ विचारलं, डॉक्टर स्क्रू लागणारच का, त्यांनी वाकून आणि मागे झुकून असे दोन एक्स-रे काढले, मणका हलत नाही म्हणाले, आणि बिनस्क्रूचं केलं. आता आरामात चौपाटीपर्यंत जाऊन येतात.

कंबरेच्या पट्ट्यांच्या आणि ट्रॅक्शनच्या (म्हणजे वजन लावून कंबर ताणण्याच्या) जाहिराती ट्रेनच्या डब्यात दिसतात तेव्हा एक सांगावंसं वाटतं, जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी या दोन्ही गोष्टी नेहमीच्या वापराला नकोत असं सांगितलंय. त्यापेक्षा चालणं. ऑस्ट्रेलियात ७०१ जणांवरचा अभ्यास २०२४ मध्ये आला, एकदा बरे झालेल्यांना हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालायला लावलं, तर पुन्हा दुखायला साधारण २०८ दिवस लागले आणि ज्यांना असं चालायला लावलं नव्हतं त्यांना ११२. आमचे हे आता मार्केटमधून सीएसएमटीपर्यंत बस न धरता चालत येतात.

आणि आपल्या मुंबईत एक गोष्ट विसरून चालणारच नाही, ती म्हणजे मणक्याचा टीबी. संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरतंय, रात्री झोपेत पाठ दुखून जाग येते, असं असेल तर चालून बरं होईल म्हणत बसायचं नाही, तपासणी करायची. त्यातही बऱ्याच जणांना ऑपरेशन लागत नाही, वाराणसीच्या डॉ. तुलींनी पन्नासेक वर्षांपूर्वी दाखवून दिलंय की औषधं नीट घेतली तर कितीतरी पेशंट गोळ्यांवर बरे होतात आणि ज्याला गरज त्यालाच टेबलावर घ्यायचं.

तर संपादक साहेब, माझी विनंती एवढीच आहे की पुढच्या आरोग्य पुरवणीत पहिल्या पानावर एक चौकट छापा. लघवी अडकली, बसायची जागा बधिर झाली, पाऊल उचलत नाही, दोन्ही पायांची ताकद चालली, तर त्याच रात्री हॉस्पिटल. ताप, वजन उतरणं, रात्रीचं दुखणं, तर या आठवड्यात डॉक्टर. हे काही नसेल आणि पायात नुसती कळ असेल, तर सहा आठवडे थांबण्याबद्दल डॉक्टरांना विचारायचा तुम्हाला हक्क आहे. अक्षर जरा मोठं ठेवा, चष्म्याशिवाय वाचता येईल असं. मी ते कात्रण आमच्या सोसायटीच्या बोर्डावर लावणार आहे आणि एक कल्याणला पाठवणार आहे, भाऊ म्हणालाय तो त्याच्या डब्यातल्या ग्रुपला वाचून दाखवेल.

आपली नियमित वाचक,
भांडुप (पूर्व), मुंबई