‘हलकी मालिश’ एवढंच?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या आरोग्य पुरवणीत मुलांच्या फिजिओथेरपीला अख्खं पान दिलंत, आभार. पण ‘हलकी मालिश आणि गमतीचे व्यायाम’ एवढ्यावर लेखकाने विषय आटोपला. वर ‘प्रत्येक मूल आपापल्या गतीने वाढतं, उगाच घाबरू नका’ हा दिलासा. हा दिलासा आमच्या घराला चांगलाच महागात पडलाय.

माझा नातू सहा-सात महिन्यांचा असताना प्रत्येक खेळणं डाव्या हातानेच घ्यायचा. उजवीकडे ठेवलं तरी डावाच हात आडवा यायचा. उजवी मूठ मिटलेली. लेक डॉक्टरांना विचारून थकली. उत्तर ठरलेलं, ‘डावखुरा असेल, घाई काय आहे?’ वर्षाच्या आतलं मूल सारखा एकच हात वापरत असेल तर दुसरा हात आधी तपासायचा असतो, हे सांगितलं ते एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी. निदान निघालं सेरेब्रल पाल्सीचं, म्हणजे वाढत्या मेंदूला इजा झाल्याने हातापायांच्या हालचालींवर ताबा कमी राहतो, त्या विकाराचं. तोवर पहिला वाढदिवस होऊन गेला होता.

या बाईंनी मालिश केलेली मी तरी पाहिली नाही. चांगल्या हातावर मऊ मोजा चढवायचा आणि कमजोर हाताने ठोकळे पाडायचे, चेंडू ढकलायचा, घास तोंडात घालायचा. पोरगं चिडायचं, भोकाड पसरायचं. बाई आयतं काही हातात द्यायच्या नाहीत. लहानपणी मेंदू अशा सरावातूनच शिकतो, माझ्याकडच्या तासाभराने भागणार नाही, घरी रोज करून घ्या, असं बजावायच्या. आज तो शर्टाची बटणं स्वतः लावतो. उजवा हात मागेच आहे, पण मदतीला येतो. आधी सुरू केलं असतं तर किती फरक पडला असता, हे लेक आता बोलून दाखवत नाही. मी दाखवते.

मान एकीकडे कलणाऱ्या तान्ह्या बाळांचंही तेच. पहिल्या तीन महिन्यांत फिजिओकडे नेलं तर बहुतेकांची मान नुसत्या व्यायामाने सरळ होते. लेखकमहाशय त्यांनाही थांबायला सांगणार का?

आणि हो, सोबतच्या छायाचित्रात बाळाला चाकांच्या वॉकरमध्ये बसवलंय! त्याने मूल लवकर चालत नाही, जिन्यावरून गडगडतं मात्र. कॅनडाने २००४ मध्येच या वॉकरवर बंदी घातली. छायाचित्र निवडणाऱ्याने लेख वाचला नसावा. किंवा वाचूनच निवडलं असेल.

– एक आजी