कन्नड शाळेच्या बाईंना, जाहीर आभार

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

मंडपात माइकवरून माझं नाव घेऊ नका, असं तुम्ही बजावलं होतंत. ते आम्ही पाळलं आणि इथेही नाव लिहीत नाही. पण जत तालुक्यात मराठी आणि कन्नड माध्यमाच्या नववी-दहावीच्या मुलांची एकत्र वादविवाद स्पर्धा पार पडली ती तुमच्यामुळे, हे चारचौघांत सांगायलाच हवं.

वादविवाद म्हटलं की शाळा विरुद्ध शाळा हे ठरलेलं. सीमेवरच्या तालुक्यात तसं केलं असतं तर मराठी आणि कन्नड असे दोन तट पडले असते. मग विषय कुठलाही असो, टाळ्या भाषेलाच पडल्या असत्या. पहिल्याच बैठकीत तुम्ही म्हणालात, "चिठ्ठ्या टाकून संघ पाडा. तिघांत दोन्ही माध्यमांची पोरं हवीत." संखच्या मुलीने कन्नडमधून मांडलेला मुद्दा तिच्याच संघातल्या माडग्याळच्या मुलाने मराठीतून पुढे नेला, तो त्यामुळेच.

बालभारतीची पुस्तकं कन्नड माध्यमासाठीही निघतात. तुम्ही दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून धडे पडताळलेत आणि सुरुवातीच्या फेऱ्यांचे विषय त्यांतूनच काढलेत. अंतिम फेरीचा विषय तेवढा पुस्तकाबाहेरचा, कृष्णेचं पाणी उचलून आपल्या दुष्काळी भागात आणणाऱ्या योजनेवरचा होता: 'म्हैसाळ योजनेचं पाणी उसाला देऊ नये.' घरची डाळिंबाची बाग टँकरच्या पाण्यावर जगलेली ज्यांनी पाहिली आहे, त्या मुलांना यावर पाठ केलेलं भाषण लागलंच नाही.

खरी अडचण परीक्षणाची होती. कन्नड शाळेतल्या मुलांना मराठी हा विषय असतो. मराठी शाळेतल्या मुलांना कन्नड येतं ते बाजारातून, शेजाऱ्यांकडून, गुड्डापूरला दानम्मादेवीच्या यात्रेत कानावर पडतं तेवढंच. म्हणजे खंडन करताना एकाला समोरचं सगळं समजलेलं, दुसऱ्याला अर्धवट. जागतिक शालेय वादविवादाच्या पद्धतीत आशयाला 40, शैलीला 40 आणि डावपेचाला 20 गुण असतात. तुम्ही शैलीचे निम्मे गुण काढून नवा रकाना आखलात: समोरच्याचा मुद्दा नीट सांगितला का? प्रत्येक भाषणानंतर त्याचा सारांश दुसऱ्या भाषेत द्यायचा. त्यानंतर उठणाऱ्याने विरोधकाचं म्हणणं आधी आपल्या शब्दांत सांगायचं आणि त्या विरोधकाने मान डोलावली तरच खंडन सुरू करायचं.

बाई, या अटीसाठी तुमचे आभार मानावेत तेवढे थोडे. आपल्याकडच्या किती स्पर्धांत आवाज चढवणारं मूल ढाल घेऊन जातं! ऐकणाऱ्याला गुण मिळताना मी पहिल्यांदाच पाहिलं. उमदीच्या त्या मुलाने उसाच्या बाजूने बोलणाऱ्या मुलीचा मुद्दा इतका चोख मांडला की ती "हौदु, हौदु" (हो, हो) म्हणत बाकावरून अर्धी उठली. मग त्याने तोच मुद्दा एकेक करून उलगडला आणि खोडला. परीक्षकसुद्धा लिहायचे थांबले होते.

आणि सारांश! दिवसभर दोन्ही भाषांत ते तुम्हीच सांगितलेत, तेही कागदाकडे न पाहता. उसाबद्दल तुमचं मत काय आहे हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. त्याचा वासही तुम्ही सारांशात येऊ दिला नाहीत. ही शिस्त मुलांनी पाहिली, ते आम्हाला कुठल्याही भाषणातून शिकवता आलं नसतं. वस्तीवरच्या मुलींच्या घरी जाऊन, "संध्याकाळी मी स्वतः आणून सोडते," असा शब्दही तुम्हीच दिलात आणि पाळलात.

आता दोन कामाच्या गोष्टी. अक्कलकोटकडच्या काही शिक्षकांनी तुमची गुणपत्रिका मागितली आहे. तिकडेही कन्नड शाळा आहेत. तुमचा होकार आला की पाठवतो. आणि पुढच्या स्पर्धेत सारांश सांगायला दोन तरुण शिक्षक तयार झालेत. दिवाळीच्या सुट्टीत त्यांना घेऊन तुमच्याकडे आलो तर चालेल का?

आपला नम्र,
स्पर्धेचा एक संयोजक