पिचरचा 'पोलादी' हात आणि ४५ फुटांचे अंतर

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

फोंड्यात मुलांचा क्रिकेटचा सराव पाहत बसणाऱ्या आम्हा निवृत्तांच्या बैठकीत, एखाद्या वेगवान गोलंदाजाला पाच-सहा षटकांनंतर विश्रांती दिली की कुणीतरी मोबाइल काढून जुन्या अमेरिकन बेसबॉलचे आकडे वाचून दाखवतो. विल व्हाइट या पिचरने (म्हणजे बॅटरला चेंडू टाकणाऱ्या खेळाडूने) १८७९ साली सिनसिनाटी संघाकडून ७५ सामन्यांत सुरुवात केली आणि ते सगळे स्वतःच संपवले. त्या हंगामात त्याने ६८० डाव टाकले (बेसबॉलच्या एका सामन्यात प्रत्येक संघाचे साधारण नऊ छोटे डाव असतात). चार्ल्स रॅडबर्नने १८८४ मध्ये प्रॉव्हिडन्सकडून ७३ पैकी ७३ सामने पूर्ण केले. आकडे खरे आहेत. 'आजची पोरे नाजूक' हा त्यांतून काढला जाणारा निष्कर्ष मात्र मला मान्य नाही.

व्हाइटच्या काळात पिचर ज्या चौकोनातून चेंडू टाकी, त्याची पुढची रेषा बॅटरपासून अवघ्या ४५ फुटांवर होती, म्हणजे आपल्या क्रिकेटच्या खेळपट्टीपेक्षा २१ फुटांनी जवळ, आणि नियमाप्रमाणे हात कमरेखालूनच फिरवावा लागे. खांद्यावरून मुक्तपणे चेंडू टाकण्याची मुभा नॅशनल लीग या अमेरिकेतील प्रमुख बेसबॉल स्पर्धेने १८८४ मध्ये दिली. दुखापतीशिवाय खेळाडू बदलता येत नसल्याने थकलेल्या पिचरला फार तर क्षेत्ररक्षणातील एखाद्या सहकाऱ्याशी जागा बदलता येई. त्यामुळे सामना 'पूर्ण करणे' हा बहुतेक वेळा पराक्रमापेक्षा नाइलाजच होता.

रॅडबर्नची गोष्ट याहून बोलकी आहे. त्याचा जोडीदार पिचर चार्ली स्वीनी याला जुलैमध्ये संघातून काढून टाकण्यात आले आणि उरलेल्या हंगामाचे जवळजवळ सगळे ओझे एकट्या रॅडबर्नवर आले. त्याने ते पेलले, संघाला विजेतेपदही मिळवून दिले. पण तसा हंगाम त्याला पुन्हा साधला नाही. व्हाइटने १८८० मध्ये आणखी ५१७ डाव टाकले, त्यात १८ विजय आणि ४२ पराभव पदरी पडले, आणि १८८१ मध्ये तो जेमतेम दोन सामने खेळला. (पुढे तो दुसऱ्या लीगमध्ये पुन्हा उभा राहिला, हेही सांगितले पाहिजे. चष्मा लावून खेळणारा हा गृहस्थ चिवट खरा.)

मधल्या काळात ४५ चे ५० फूट झालेले हे अंतर १८९३ मध्ये ६० फूट ६ इंच झाले. कागदावर ही वाढ साडेदहा फुटांची दिसते. परंतु आधीचे ५० फूट चौकोनाच्या पुढच्या रेषेपर्यंत मोजले जात आणि पिचरचा पाय मागच्या रेषेवर असे, त्यामुळे प्रत्यक्ष वाढ पाच फुटांची होती. एवढ्यानेही फरक पडला: १८९२ मध्ये बिल हचिसनने ६२२ डाव टाकले होते, तर १८९३ मध्ये सर्वाधिक डाव टाकणारा एमस रूसी ४८२ वर थांबला. हात तेच होते, बदलला तो नियम.

त्याच काळातल्या साय यंग या पिचरचे कारकिर्दीतील ७४९ पूर्ण सामने माझ्या म्हणण्याला छेद देतात, हे मी मान्य करतो. त्यांतले बहुतेक नव्या अंतरावरचे आहेत. पण त्यानेही एका हंगामात कधी ५०० डाव टाकले नाहीत.

म्हणून क्रीडा पानावर असे विक्रम छापताना त्या वर्षीचे अंतर आणि चेंडू टाकण्याचा नियमही शेजारी छापावा, ही विनंती. आमच्या बैठकीतील वादासाठी तेवढे पुरे.

आपला नम्र,
एक निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षक
फोंडा, गोवा