सुमे, उतरणीला ‘सोपी’ म्हणू नकोस

पुणे,
रविवार सकाळ

प्रिय सुमे,

पाच महिने झाले, तुझ्या दोन पत्रांना माझं उत्तर नाही. कारणं सांगत बसत नाही. ती तुला माहीत आहेत आणि त्यातलं एकही पुरेसं नाही. इकडे सगळं ठीक. खांदा बरा आहे, साखर ताब्यात.

आज बसले ते माईंमुळे. गुरुवारी रात्री त्यांचा फोन आला. तू पाठवलेली ग्रीसमधल्या मेटेओराची, उभ्या सुळक्यांवरच्या त्या मठांची, कार्यक्रमपत्रिका वाचून दाखवली: ‘मार्गदर्शकासह सोपी पदभ्रमंती, चार तास, सर्व वयोगटांसाठी’. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “विजू, उजवा गुडघा संध्याकाळी सुजतो आहे. सुमीला सांगू नकोस, ती बेतच मोडेल.” मी ‘बरं’ म्हटलं. तीन दिवस पोटात ठेवलं आणि आज शब्द मोडते आहे. बंड्याच्या मुंजीत काय झालं ते तुला आठवतं. चार तास हसत उभ्या होत्या आणि नंतर पंधरा दिवस अंथरुणात. कड्याच्या वाटेवर ते चालणार नाही गं.

बेत रद्द करू नकोस, हे आधी सांगते. बेत उलटा कर.

तुझ्या कागदावरची रचना नेहमीचीच आहे. सकाळी गाडी पायथ्याच्या कलंबाका किंवा कास्त्राकी गावातून उचलते, थेट वर मेगालो मेटेओरो या सर्वांत मोठ्या मठाच्या दाराशी सोडते. तो मठ बघायचा, मग त्याच्या पाठीमागच्या जंगलातून खाली उतरत इपापांतीच्या गुहेतल्या मठाकडे आणि पुढे कास्त्राकीच्या बाजूला यायचं. चढ जवळजवळ नाही, म्हणून तिला ‘सोपी’ म्हणतात. ज्याला दम लागतो त्याच्यासाठी ती खरोखरच सोपी आहे. माईंना दम लागत नाही. त्यांना गुडघा आहे.

चढताना मांडीचा स्नायू आखडत शरीर उचलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना ब्रेकचं काम करतो, आणि वाटीच्या मागच्या कूर्चेवर जास्त दाब येतो तो याच वेळी. तासभर असा ब्रेक मारला की स्नायू थकतो, पाऊल धप्पकन पडायला लागतं आणि सगळा धक्का सांध्यात जातो. सुजलेला गुडघा चढावर कुरकुरेल, पण उतारावर दगा देईल. आपलं हरिश्चंद्रगडावरचं भांडण आठव. तू म्हणत होतीस तोलार खिंडीची वाट सोपी, मी म्हणत होते कुणासाठी ते आधी सांग. वीस वर्षं झाली, मी अजून तिथेच उभी आहे.

त्यात तिथला दगड आपल्या सह्याद्रीसारखा नाही. आपला काळा कातळ कोरडा असला की बूट धरून ठेवतो. मेटेओराचे सुळके म्हणजे प्राचीन नदीने पाण्याखाली आणून टाकलेले गोटे, वाळू आणि गाळ यांचा घट्ट झालेला गोळा. नंतर जमीन उचलली गेली, भेगा पडल्या, आणि पाऊस-वाऱ्याने भेगा रुंदावत उभे खांब सोडले. लांबून ते गुळगुळीत दिसतात. जवळ गेलं की अंड्याएवढे, नारळाएवढे गोटे भिंतीत चिणल्यासारखे दिसतात. हेच गोटे सुटून वाटेवर येतात आणि पायाखाली खेळातल्या गोट्यांसारखेच गरगर फिरतात. जुन्या फरसबंद वाटांचे दगड शतकानुशतकं घासून तुळतुळीत झालेत. ऑक्टोबरमध्ये वर ओकची पानं पडतात आणि खालचा ओला दगड दिसत नाही. घसरतात ती माणसं बहुतेक इथे, कड्याच्या टोकाला नाही. टोकाला सगळे घाबरून जपून चालतात.

म्हणून माझा बेत असा. कलंबाकाच्या जुन्या वस्तीत, वरच्या अंगाला, माता मरियेचं बायझंटाईन चर्च आहे. त्याच्या जवळून आयिया त्रियादाची, म्हणजे पवित्र त्रैक्याच्या मठाची, जुनी दगडी पायवाट निघते. खुणेच्या पाट्या आहेत. दोन सुळक्यांच्या मधल्या घळीतून ती वळणं घेत चढते. तरण्या माणसाला पाऊण तास, माईंना सव्वा ते दीड तास धर. पहाटेच्या गारव्यात निघालात तर घळीत सावली असते. वर मठाच्या पायऱ्यांचा तळ लागतो. तिथे माईंना विचारायचं नाही, त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं. या मठाला सुमारे १४० पायऱ्या आहेत. नको असतील तर सोडा. घळीतून थोडं चढून डांबरी रस्त्याला लागा आणि साधारण किलोमीटरभर सपाट चालत आयिओस स्तेफानोसला या. सहा मठांत हा एकच असा की पायऱ्या चढाव्या लागत नाहीत, छोटा पूल ओलांडला की आत. इथे जोगिणी राहतात. सज्जातून थेसलीचं मैदान आणि पिनिओस नदी दिसते. मग टॅक्सीने खाली. चढण पायांनी, उतरण चाकांनी. सगळे मठ डांबरी रस्त्याने जोडलेले असल्यामुळे हे जमतं. जंगलातल्या उतरणीत मात्र गाडी बोलावता येत नाही, मध्येच गुडघा बसला तर खालपर्यंत जावंच लागतं.

वार नीट बघ, कारण सगळा घोळ तिथे होतो. प्रत्येक मठाची सुट्टी वेगळी. स्तेफानोस सोमवारी बंद, मेगालो मेटेओरो मंगळवारी, रुसानु बुधवारी, त्रियादा गुरुवारी, वार्लाम शुक्रवारी. हिवाळ्यात यात आणखी दिवस वाढतात. स्तेफानोस दुपारी दीडच्या सुमाराला दोनेक तास बंद होतं, म्हणजे वर पोचायची वेळ त्या हिशेबानेच धर. निघायच्या आठवड्यात हॉटेलवाल्याला पुन्हा विचार, वेळा बदलतात. प्रवेशाचे पैसे दर मठाला वेगळे आणि रोख सुटे जवळ असलेले बरे.

‘एका दिवसात सहा मठ’ हे कुणी सुचवलं तर ऐकू नकोस. मेगालो मेटेओरोला सुमारे ३०० पायऱ्या आहेत, आणि त्यातली खुबी अशी की रस्त्यावरून आधी घळीत उतरायचं आणि मग चढायचं. म्हणजे परततानाही शेवटी चढ उरतोच. वार्लामला १९५. दोन्ही मिळून पर्वतीच्या पायऱ्यांच्या पाचपट जवळपास, आणि पर्वतीच्या पायऱ्या तर रुंद, ठेंगण्या. तिथे कठडा एका बाजूला, समोरून येणारी गर्दी, आणि दहाच्या पुढे उन्हात तापलेला दगड.

माईंसाठी दुसऱ्या दिवशी फक्त एक मठ ठेव: आयिओस निकोलाओस आनापाफसास. कास्त्राकीहून सर्वांत जवळचा, कड्यावर अगदी अरुंद जागा, म्हणून मजल्यावर मजला रचत वर गेलेला. पायऱ्या दीडशेच्या आसपास, वळणावळणाच्या, मध्ये थांबायला जागा आहे. मुख्य चर्च इतकं चिमुकलं की दहा माणसं शिरली की भरतं. पण त्याच्या भिंती १५२७ मध्ये क्रीटच्या थेओफानिसने रंगवल्या. त्याचं नाव असलेलं हे सगळ्यात जुनं काम. आदम बसलाय आणि एकेका जनावराला नाव देतो आहे, असं एक चित्र आहे. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेली बाई त्या समोर किती वेळ उभी राहील ते तू जाणतेस. ‘नावं ठेवणारा तो पहिला’ असं माई म्हणतील, मी आत्ताच ऐकते आहे. मार्गदर्शकाला आधीच सांगून ठेव की इथे वीस मिनिटं लागणार. आत फोटो काढायला बंदी आहे, त्यामुळे बघायचं ते डोळ्यांनीच.

मेगालो मेटेओरोची गोष्ट त्यांना गाडीत सांग, म्हणजे न चढल्याची हळहळ कमी होईल. आथोस पर्वतावरच्या मठांना होणाऱ्या चाच्यांच्या उपद्रवाला कंटाळून अथानासिओस हा संन्यासी चौदाव्या शतकात इकडे आला. त्या रुंद खडकावर त्याने मठ बसवला आणि त्याला ‘मेटेओरो’ म्हटलं, अधांतरी लटकलेला. त्याचा शिष्य योआसाफ सर्बियन राजघराण्यातला. राज्य सोडून भगवी, म्हणजे तिथली काळी, वस्त्रं घेतली. चर्चचा गाभारा १४८३ मध्ये रंगवला, पुढचा मोठा भाग १५५२ मध्ये. वर जायला तेव्हा दोराच्या शिड्या आणि जाळी. जाळीत माणूस बसवायचे आणि वरून लाकडी रहाट फिरवून ओढायचे. कड्यात पायऱ्या खोदल्या त्या १९२० च्या दशकात. वार्लामला रहाटाचा मनोरा अजून उभा आहे, आणि पाणी साठवायचं एक लाकडी पिंप, बारा हजार लिटरचं. आपल्या गडांवर टाकी खोदली तसं. पाणी नाही तर गड नाही, हे त्यांनाही आपल्याइतकंच कळलं होतं.

आणि हो, अथानासिओसच्या नियमात बाईला त्या खडकावर जागा नव्हती. आज सहापैकी दोन मठ बायकाच चालवतात, रुसानु आणि स्तेफानोस. हे माईंना जरूर सांग.

कार्ल्याला त्यांनी आपल्याला खांबांवरची धेनुकाकटाच्या यवनांची दानं दाखवली होती ना? यवन शब्द मुळात ग्रीकांवरूनच आलेला. त्या दिवसापासून त्यांना तिकडे जायचंय. म्हणूनच गुडघा लपवतायत, सुमे. त्यांच्यावर रागावू नकोस.

कपड्यांचं सांगते, नाहीतर दारात परत पाठवतील. बायकांना गुडघ्याखाली जाणारा घागरा हवा आणि खांदे झाकलेले. सलवार म्हणजे त्यांच्या लेखी विजारच. दाराशी गुंडाळायला कापड देतात, पण आपलं एक पातळ सुती कापड पिशवीत ठेव. चालताना सलवार-कुर्ता, दारात वरून कापड, खांद्यावर ओढणी. साडी नको, निऱ्या पायऱ्यांवर पायात येतात. भाऊजींना अर्धी चड्डी चालणार नाही, हेही बजाव.

बुटांचा तळ खोल नक्षीचा हवा. नवे कोरे बूट घेऊन जाऊ नकोस, महिनाभर वापरलेले हवेत. उतारावर अंगठा पुढे आपटतो म्हणून बूट अर्धा नंबर मोठा आणि नखं कापलेली. काठ्या दोन, टोकाला रबरी टोपी घातलेल्या. उघडं लोखंडी टोक घासलेल्या दगडावर सरकतं. चढताना काठी आखूड, उतरताना थोडी लांब. काठी आधी खाली टेकवायची, मग दुखरा पाय, मग चांगला. चढताना उलट, चांगला पाय आधी. हे माईंकडून घरीच घोकून घे. माणशी दीड लिटर पाणी, पायवाटेवर दुकान नाही. एप्रिल-मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हाच काळ. जुलै-ऑगस्टमध्ये थेसलीचं मैदान भट्टीसारखं तापतं. आदल्या रात्री पाऊस पडला तर पायवाट सोडून द्या, सरळ गाडीने जा. अडचणीला ११२ हा नंबर.

वाटाड्याला पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचार. एकूण उतरण किती आणि कुठे? गटात किती माणसं? बारावर असतील तर शेवटच्या माणसाकडे कुणाचं लक्ष नसतं. आणि एक जण थांबला तर बाकीच्यांचं काय करता? ‘असं कधी होत नाही’ हे उत्तर आलं तर दुसरा वाटाड्या शोध. ग्रीसमध्ये स्मारकांत माहिती सांगायला परवाना लागतो, जंगलाची वाट दाखवणाऱ्याकडे तो असेलच असं नाही. मठात कोण बोलणार तेही आधी विचारून घे. फक्त तुम्हा तिघांपुरता वाटाड्या मिळाला तर थोडे जास्त पैसे जाऊ देत. मग चाल माईंची राहते, गटाची नाही.

एक राहिलंच. वर बघायला सांग. पांढरं गिधाड तिथल्या कड्यांत घरटं करतं, पिवळा चेहरा आणि पंखांची काळी किनार. आपल्याकडचंच ते. ग्रीसमध्ये फार थोडी उरलीत.

तुझ्या नव्या जागेचं कळलं, फार बरं वाटलं. चिन्मयच्या निकालाबद्दल त्याला माझा आशीर्वाद, पेढे आणून ठेवलेत. ऑफिसातली ती कटकट मिटली का?

आता असं कर. मी सांगितलंय हे माईंना कळू देऊ नकोस. तू आपणहून फोन करून म्हण, प्रवासाआधी तिघांचीही तपासणी करायची आहे, आणि गुडघ्याचा एक्स-रे काढून घे. डॉक्टरांनी हो म्हटलं की त्यांना पर्वतीला मी नेईन, रोज सकाळी साडेसहाला. पहिला आठवडा निम्म्या पायऱ्या, मग पूर्ण, मग दोनदा. निघायला नऊ आठवडे आहेत, तेवढे पुरतात. वाटाड्याचं उत्तर आलं की मला पाठव, त्यातलं उतरणीचं आधी मी वाचते.

तुझीच,
विजू